सत्तावीस जुलैचा डोंगर

बाबा गेले सहा मेला. म्हणजे पाच मे हा आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस. तो इतका साधा होता की आठवायला बसलं तर एक टेबल, दोन कप आणि एक वाक्य, एवढंच हाती लागतं.

बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसून दुसऱ्या दिवसाचा 'दिनविशेष' लिहीत होते. इतिहासात आजच्या तारखेला काय काय घडलं, हे सांगणारं ते छोटंसं सदर. आमच्या शहरातल्या दैनिकात ते एकतीस वर्षं ते चालवत होते. भिंतीला लागून त्यांचं लाकडी कपाट. त्याला बारा खण, महिन्याला एक, आणि प्रत्येक खणात तारखेप्रमाणे उभी लावलेली कार्डं. सदराचा नियम त्यांनीच घातलेला: रोज दोन नोंदी, एक 'बुडती' आणि एक 'उगवती'. नुसती बुडती दिली तर वाचकाचा चहा कडू होतो, आणि नुसती उगवती दिली तर त्याला ती जाहिरात वाटते, असं त्यांचं म्हणणं.

"उद्याची बुडती हिंडेनबर्ग," ते म्हणाले. "हवेतलं जहाज. उतरता उतरता पेटलं. आणि उगवती, तो डॉक्टरकीचा विद्यार्थी. जगात पहिल्यांदाच कुणी चार मिनिटांच्या आत मैलभर धावला."

"दोन्ही एकाच तारखेला?"

"तारीख बिचारी काय करणार? धर्मशाळा आहे ती. येईल त्याला जागा देते." मग टोपण लावता लावता ते त्यांचं नेहमीचं वाक्य बोलले. "एवढ्या वर्षांत एकच चूक झाली माझ्या हातून. सत्तावीस जुलै. ते कार्ड तिथं कसं गेलं, अजून कळत नाही."

मी चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर दारात पडला तेव्हा ते वाचायला नव्हते. हृदय झोपेतच थांबलं होतं.

त्यानंतर महिनाभरात शहरात तारीखबुवा आले.

बसस्टँडमागच्या मंगल कार्यालयात त्यांचा मुक्काम. रोज संध्याकाळी सभागृह भरून रांग रस्त्यावर यायची. बाहेर चपलांचा असा ढीग, की येताना काळी चप्पल घालून आलेला माणूस जाताना तपकिरी घालून जायचा आणि त्यालाही महाराजांची लीला म्हणायचा. महाराजांचं शास्त्र सोपं होतं. प्रत्येक तारखेला एक स्वभाव असतो. काही तारखा पाळीव, काही हिंस्र. तुम्ही तारीख सांगायची, महाराज डोळे मिटून 'त्या तारखेत उतरायचे', आणि शेकडो वर्षांपूर्वी त्या दिवशी काय घडलं ते बघून यायचे. लग्न, बयाणा, प्रवास, ऑपरेशन, सगळं त्यांना विचारून. हिंस्र तारीख माणसाळवायची असेल तर एक तांब्याची अंगठी मिळे. ती फुकट नव्हती.

एक अट होती. तारीख सकाळी दहाच्या आत सफारी घातलेल्या शिष्याकडे चिठ्ठीवर नोंदवायची, दर्शन संध्याकाळी. ऐन वेळी कुणी तारीख विचारली तर सफारीवाला हात जोडून सांगायचा, "तारीख अजून पिकली नाही."

आई पहिल्यांदा गेली ती शेजारच्या शिंपीकाकांबरोबर. सहा मे नोंदवून गेली. महाराज उतरले, घामाघूम होऊन वर आले आणि म्हणाले, "आकाशात आग बघतोय मी. जहाज जळतंय. ही तारीख घर गिळते, माउली."

आई घरी आली ती शांत होऊन. मी इतके दिवस डॉक्टरांचे कागद दाखवून जे समजावत होते, ते त्या माणसाने एका वाक्यात उरकलं होतं. कुणाची चूक नाही, तारीखच वाईट. मला तिची शांती मोडवेना. मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही.

पण आईला काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची नजर कडेकडेने आत सरकत चालली होती. अठ्ठावीस जूनला ऑपरेशन ठरलं. महाराज उतरले आणि त्यांना मोटारीतल्या राजपुत्रावर गोळी झाडलेली दिसली. तारीख रद्द. डॉक्टरीणबाईंनी अठरा जुलै दिला. महाराजांना अख्खं रोम जळताना दिसलं. तेही रद्द.

डॉक्टरीणबाई तशा विनोदी. पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मोतीबिंदू असता तर मी म्हटलं असतं, सावकाश या. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची असते. सत्तावीस जुलै. त्यानंतर मला महिनाभर जागा नाही."

सत्तावीस जुलै हे शब्द ऐकून मी खुर्चीतच जरा सरळ झाले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "उद्या सकाळी चिठ्ठी टाकून ये. महाराज हो म्हणाले तर मी एका पायावर तयार आहे."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही. ह्यांना नेलं तारखेनं. तुला अजून शहाणपण येत नाही का?"

मी वाद घातला नाही. ग्रंथालयात नोंदी करणारी बाई आहे मी. वाद घालण्याआधी संदर्भ काढते. बाबांच्या पुस्तकांच्या खालच्या फळीवर एक जुनी डायरी होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पेपरने वर्गणीदारांना वाटलेली, दर पानावर बाबांच्या दोन नोंदी. सहा मे उघडला: 'आकाशात आग. जहाज जळते आहे.' अठ्ठावीस जून, अठरा जुलै. राजपुत्र, रोम. महाराज ज्या इतिहासात उतरत होते, तो आमच्या फळीवर धूळ खात पडला होता. फक्त ते वरची ओळ वाचत होते, खालची नाही. सहा मेचा धावपटू त्यांना कधी दिसला नव्हता.

मग मी सत्तावीस जुलै उघडलं आणि बराच वेळ उघडंच ठेवलं.

सकाळी चिठ्ठी टाकली. संध्याकाळी आईचा हात धरून पहिल्या रांगेत बसले. पिशवीत डायरी. मागे शिंपीकाका, बोटात नवी अंगठी.

आमचा नंबर आला. महाराजांनी डोळे मिटले, मान डोलवली, दोनदा कण्हले.

"सत्तावीस जुलै. खाली उतरतोय. पाणीच पाणी... समुद्रानं आपल्याच पोटातला डोंगर ओकला! हजारो कोस आवाज! नको माउली, या तारखेला लोखंड अंगाला लावू नका."

सभागृह हळहळलं. आईने माझी बोटं घट्ट धरली.

"कुठला डोंगर, महाराज?" मी विचारलं.

"क्राकाटोआ. सन अठराशे त्र्याऐंशी."

"आत उतरल्यावर सनसुद्धा दिसतो? पाटी लावलेली असते का?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. सफारीवाला पुढे सरकला. महाराजांनी त्याला हातानेच थांबवलं. मोठ्या मनाचे होते.

"कुणाकडे फोन असेल तर बघा," मी वळून म्हटलं. "क्राकाटोआचा महास्फोट कोणत्या तारखेचा?"

फोन सगळ्यांकडेच होते. आधी कुजबुज झाली, मग एका कॉलेजच्या मुलीने मोठ्याने वाचलं, "सत्तावीस ऑगस्ट. जुलै नाही. ऑगस्ट."

"जुलै अन् ऑगस्ट ही माणसांनी ठेवलेली नावं," महाराज हसून म्हणाले.

"मग ऑपरेशन सत्तावीस ऑगस्टलाही नको?"

"तेही नको."

"महाराज, अशानं पेशंट म्हातारा होईल," शिंपीकाकांच्या शेजारचा कुणीतरी म्हणाला.

मी डायरी काढली आणि वाचली. "सत्तावीस जुलै. बुडती: समुद्राने आपल्याच पोटातला डोंगर ओकला. हजारो कोस आवाज. क्राकाटोआ, १८८३. उगवती: कोरियातले युद्ध थांबले. शस्त्रसंधी झाली, १९५३. ही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची डायरी. यातली वाक्यं माझ्या वडिलांची. महाराजांना शब्द न् शब्द पाठ आहे, फक्त खालची ओळ सोडून. तारखा सकाळी का घेतात ते कळलं? पाठांतराला दिवस लागतो."

"थांबा, थांबा," शिंपीकाका उभे राहिले. "ही डायरी माझ्याकडे होती. निळं कव्हर. मी तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहायचो. सहा मेला पोस्टमास्तरांची कंबर आहे."

हशा पिकला. मला वाटलं, संपलं. पण महाराज मुरलेले होते. ते उठले, दोन्ही हात जोडले आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"ताई, तुमच्या वडिलांना मी ओळखलं नव्हतं, क्षमा करा. तेही द्रष्टेच होते. जगाला ऑगस्ट दिसतो, पण त्या पुण्यात्म्याला जुलै दिसला. मलाही जुलै दिसला. दोन जीवांना एकच साक्षात्कार! माउली, तुमचे यजमान साधे नव्हते हो."

हशा जागच्या जागी थांबला. कुणीतरी हात जोडले. मी आईकडे पाहिलं. अडीच महिन्यांत तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. तिचा नवरा, ज्याला शेजारी 'कार्डवाले' म्हणून चिडवायचे, तो आता पुण्यात्मा झाला होता. त्यासाठी तिने एक डोळा हसत दिला असता.

तर आता बोलणं भाग होतं.

"आई, बाबांना काही दिसलं नव्हतं," मी म्हटलं. "ती चूक होती. छपाईनंतर त्यांना कळली. पेपरात त्यांनी दुरुस्ती छापली, खाली आपलं नाव घालून माफी मागितली."

"ठाऊक आहे मला. संपादकांनी चारचौघांत बोल लावला होता ह्यांना. पण ह्यांच्या हातून चूक कशी होईल? म्हणून तर म्हणते, काहीतरी दिसलंच असेल."

"त्यांच्या हातून झालीच नव्हती. मी नऊ वर्षांची होते. बाबा छापखान्यात गेले होते. मी खालच्या खणांना पाय देऊन वरची रंगपेटी काढायला गेले आणि जुलै-ऑगस्टचे खण माझ्या अंगावर आले. सगळी कार्डं जमिनीवर. मी आकडे बघून लावली. महिना नाही बघितला. ऑगस्टचं सत्तावीस जुलैच्या सत्तावीसमध्ये गेलं. साक्षात्कार नाही, आई. रंगपेटी."

"महाराजांना जे दिसलं," मी महाराजांकडे वळले, "ते नऊ वर्षांच्या पोरीनं चुकीच्या खणात घातलेलं कार्ड."

शिंपीकाकांनी बोटातली अंगठी काढली. निघेना, तेव्हा थुंकी लावून काढली. "आता एक तारीख न पिकवता सांगा," ते म्हणाले. "माझ्या जन्माची. तीन मार्च. उतरा."

महाराज उतरले नाहीत. मागच्या दाराने मात्र दुसऱ्या दिवशी उतरले, सामानासकट.

मला लोकांना एवढंच सांगायचं होतं, आणि गोंधळात ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. कोणतीही तारीख उघडा, तिच्यात एक जहाज बुडत असतं आणि कुणीतरी पहिल्यांदा धावत असतं. तीनशे पासष्ट दिवस आणि हजारो वर्षं. संकट न सापडणारी तारीख शोधून दाखवा. बुवा खोटा इतिहास सांगत नाही, अर्धा सांगतो, आणि उरलेल्या अर्ध्याची अंगठी विकतो. माझे वडील गेले ते हृदयाच्या एका अरुंद झालेल्या नळीमुळे. सहा मेचा त्यात काही हात नव्हता. तारीख विचारायची असेल तर डॉक्टरांना विचारा. त्यांच्याकडे निदान कारण असतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पिशवी भरली. त्यात कंगवा, टॉवेल आणि डॉक्टरांचे कागद.

सत्तावीस जुलैला ऑपरेशन झालं. उरलेली नजर वाचली. संध्याकाळी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईला घरी आणलं. ती बाबांच्या खुर्चीत बसली.

"आजच्या सदरात काय आलं?" तिने विचारलं. संपादकांच्या सांगण्यावरून सदर आता मी लिहीत होते.

"युद्ध थांबलं."

"बरं झालं." मग ती म्हणाली, "ती चूक छापली त्या वर्षी ह्यांनी सुताराला बोलावून खालच्या दोन खणांना कड्या लावून घेतल्या होत्या. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, कुणाच्या तरी अंगावर येतील."

मी कपाटाकडे पाहिलं. जुलै आणि ऑगस्टच्या कड्या. बाकी दहा खणांना नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी त्या बघत होते.

"कळलं होतं त्यांना?"

"मला काय ठाऊक. पण ते 'एकच चूक झाली'चं वाक्य ते तू समोर असलीस की हमखास म्हणायचे." तिने पट्टीवरून हात फिरवला. "माझ्यापुढे बोललीस, गावापुढे बोललीस. ज्यांचं ऐकायचं राहिलं, त्यांच्यापुढे बोल."

ते ऐकणार नाहीत, हे मला आणि तिलाही ठाऊक होतं. तरी मी ऑगस्टची कडी काढली, खण ओढला आणि सत्तावीसच्या जागी उभं असलेलं क्राकाटोआचं कार्ड बोटाने सरळ केलं. ते त्यांनी केव्हाच जागेवर आणून ठेवलं होतं.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "खण मी पाडले होते. आधी मार बसेल म्हणून सांगितलं नाही. मग तुम्ही रागावलाच नाहीत, म्हणून सांगता आलं नाही."