न कापलेलं जेवण

माणसं आहेत त्यापेक्षा बरी दाखवायची, हा तिचा धंदाच होता. फोटो स्टुडिओच्या आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसून ती गिऱ्हाइकांच्या गालांवरचे डाग पुसायची, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळायची. समारंभांच्या व्हिडिओंतल्या जांभया, रडारड आणि रुसवेफुगवे कापणं हेही तिचंच काम. तिने कात्री लावली की सांधा शोधून सापडत नसे. मालक कौतुकाने म्हणायचे, "बाईंच्या हाताखालून गेलं की भांडखोर घरसुद्धा गुण्यागोविंदाने नांदतं."

हात इतका सराईत झाला की तो घरीही थांबेना.

घरी तिची मुलगी होती, सात वर्षांची. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून ओळखायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. मुंगीचे स्नायू जन्मापासून तिचं ऐकत नव्हते. मान धरून ठेवायला खुर्चीला पट्टा लागे. पण खरी भीती होती ती गिळण्याची. घास वाट चुकायचा, ठसका लागायचा, ओठ निळे पडायचे. एक थेरपिस्ट मुंगीला गिळायला शिकवत होती. तिची फी विमा कंपनी भरायची. थेरपिस्टने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "हे मध्येच थांबलं ना, तर ही तोंडाने खाणं विसरून जाईल. मग पोटात नळी घालावी लागेल."

वर्ष संपताना कंपनीने मुंगीच्या जेवणाचा व्हिडिओ मागवला. आईने तो काढला, आणि पाठवण्याआधी जरा नीटनेटका करू म्हणून कापायला बसली. आधी हनुवटीवरून ओघळलेलं काढलं. मग ठसका काढला, आणि ठसक्यानंतरचं मुंगीचं घाबरं होऊन रडणंही काढलं. परक्या माणसांनी आपल्या लेकीला तसं का बघावं? उरलं ते गोड होतं. चमचा येतो, मुंगी तोंड उघडते, गिळते, हसते. कुठे सांधा नाही, काही नाही. आपल्याच पायावर धोंडा इतक्या सफाईने क्वचितच कुणी मारून घेतला असेल.

कंपनीने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मुलगी व्यवस्थित जेवते आहे, तज्ज्ञाची आता गरज दिसत नाही.

तिने मुंगीच्या बाबाला फोन लावला. तो जहाजावर नोकरीला होता आणि ते बंदराला लागलं की बोलायचा.

"कंपनीने नाही म्हटलं," ती म्हणाली.

"अगं, म्हणजे चांगलंच की. पोरगी सुधारली म्हणूनच ना?" त्याचा आवाज खुलला. "तू पाठवतेस ते व्हिडिओ मी इथे सगळ्यांना दाखवतो. काय छान जेवते गं."

त्यालाही तिने इतकी वर्षं तेच पाठवलं होतं, कापूनकोरून. समुद्रावर उगाच जिवाला घोर नको, असं आधी वाटलं होतं. मग तीच रीत पडली. आता ज्या मुलीबद्दल तो बोलत होता ती व्हिडिओतली होती, आणि निळ्या ओठांच्या मुलीबरोबर घरात ती एकटीच राहत होती. ह्यात त्याचा काय दोष? तरी तिला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त रडू.

"हो, छान जेवते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

थेरपिस्टने सगळं ऐकून डोक्याला हात लावला. "पुन्हा अर्ज करा. अख्खं जेवण पाठवा, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत. आणि हे बघा, कात्रीला हात लावायचा नाही."

त्या दिवशी तिने फोन फडताळावर टेकवून ठेवला आणि बटाट्याचा पातळ लगदा कालवला. मुंगीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला ठसका लागला. खुर्चीचा पट्टा सोडून तिला पुढे वाकवणं, पाठ थोपटणं, तोंड पुसणं, पुन्हा बसवणं, पुन्हा चमचा. मुंगी रडली, थकली, तरी चमचा दिसला की तोंड उघडत राहिली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिने तो लांबलचक व्हिडिओ पडद्यावर लावला. बोटं आपोआप कळांकडे गेली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि शेवटपर्यंत बघितलं. मध्ये एकदा, मुंगीचा श्वास परत आल्यावर, पडद्यावरची बाई कॅमेऱ्याकडे बघून हसली होती. कुणासाठी हसली कोण जाणे. तिने तेही तसंच ठेवलं आणि व्हिडिओ पाठवून दिला.

काही दिवसांनी कंपनीतून फोन आला. उतारवयाच्या एका गृहस्थांचा आवाज होता.

"मॅडम, मंजूर केलंय. थेरपी वर्षभर चालू राहील."

"बरं," ती म्हणाली.

"मी पूर्ण बघितलं," ते जरा अडखळत म्हणाले. "विचारायला नको खरं तर. पण टेबलाच्या कडेला तुमचं ताट होतं. वाढलेलं, झाकलेलं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. नंतर तरी जेवलात का?"

इतक्या वर्षांत हे कुणी पाहिलंच नव्हतं. पाहिलं ते एका परक्या माणसाने, आणि तेही त्याचं कामच होतं म्हणून.

"हो, जेवले," ती सवयीने म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र मुंगीच्या खुर्चीचा हात धरून ती खाली बसली आणि मनसोक्त रडली. मुंगी तिच्याकडे टक लावून बघत होती.

मग तिने तो अख्खा व्हिडिओ मुंगीच्या बाबाला पाठवला, वर एक शब्दही न लिहिता.

उत्तर फार लवकर आलं. इतक्या वेळात तो व्हिडिओ निम्मासुद्धा बघून होत नव्हता.

"नाही बघवत गं. मधलं कापून पाठव ना."

तिने ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, "ह्यात मधलं काही नाही. हे एवढंच असतं. शेवटपर्यंत बघ."

फोन पालथा ठेवून ती उठली. मुंगीचा लगदा अजून गरम होता, तो निवेपर्यंत वेळ होता. तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि लेकीसमोर बसून आधी आपण जेवली.