तापाचा दगड

हॉलमध्ये शिंकायला बंदी होती. "शिंकलात की ताप बिथरतो!" महाराजांचा चेला ओरडला आणि अख्ख्या हॉलने नाकं दाबून धरली.

त्यात रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेलं एक नाकही होतं. घरात त्या नाकाच्या मालकिणीला सगळे शास्त्रज्ञबाई म्हणत. तापाने फणफणलेल्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, हट्ट म्हणून ती आली होती. महाराजांचं पितळ उघडं पाडायचं, असा बेत करूनच.

महाराजांनी अण्णांच्या हातात पाण्यासारखं काहीतरी भरलेला पेला दिला. "सोड रे तापा, या देहाला! शीर या जळात!" लांब वाढवलेलं करंगळीचं नख पाण्याला टेकलं. टेकल्या जागेपासून पांढऱ्या काड्या सरसर फुटत गेल्या आणि बघता बघता पाण्याचा दगड झाला.

"हात लावा, ताई. बर्फ थंड असतो ना? मग हा?"

पेला चांगलाच गरम होता.

"यांचा ताप आहे तो!"

शास्त्रज्ञबाईंनी काय करावं? चक्क हात जोडले.

घरी येईपर्यंत ताप खरंच उतरला आणि अण्णांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. दोन दिवसांत ताप पुन्हा चढला, छाती घरघरू लागली.

"घ्या हो गोळी," आई काकुळतीला आली.

"उरलासुरला ताप निघतोय. आणि विज्ञान शिकलेल्या पोरीनेच हात जोडले, मी कोण शंका घेणारा?"

हे मात्र तिला झोंबलं. पदार्थ गोठताना उष्णता घेतो की सोडतो? तोंडी परीक्षेत तिने ताडकन सांगितलं होतं, "सोडतो, सर!" पूर्ण गुण. उत्तर डोक्यात होतं, पण पेला हाताला लागला तेव्हा डोकंच जागेवर नव्हतं.

ती स्वयंपाकघरात घुसली. असा गोठणारा क्षार घरीही बनतो हे आठवून व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून आटवू लागली. पहिल्या खेपेला आईचं पातेलं करपलं. दुसऱ्या खेपेला तिचाच कोपर पेल्याला लागला आणि महाराजांशिवायच चमत्कार घडला.

"शास्त्रज्ञबाई, पातेलं कोण घासणार?" आईने विचारलं.

तिसरा पेला तिने झाकून, न हलवता निवू दिला. मग तो अण्णांसमोर खुर्चीवर ठेवला.

"आज आजारी खुर्ची आहे. कोणी शिंकू नका!"

तिचं नख टेकलं. काड्या फुटल्या. अण्णांनी पेला चाचपला. "गरम आहे की गं! खुर्चीला ताप?"

"माझ्या नखात याच पदार्थाचा कण होता, अण्णा, महाराजांच्याही. हा तापवला की वितळतो, पण निवल्यावर गोठायचं विसरून जातो. कण मिळाला की त्याला आठवतं, आणि वितळताना घेतलेली उष्णता तो परत टाकतो. धक्क्यानेही कधी कधी गोठतो, म्हणून शिंकायला बंदी. त्या दिवशी तुमचा ताप उतरला होता तो गोळ्यांनी."

"मग तू हात का जोडलेस?"

"घाबरले होते. तुम्हाला बरं वाटेल म्हटल्यावर मला काहीही खरं वाटलं असतं."

अण्णा हसले, हसता हसता खोकले, आणि त्यांनी हात पुढे केला. "आण ती गोळी. खुर्चीलाही एक दे."

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर डोळे विस्फारा, खुशाल विस्फारा. फक्त हात जोडण्याआधी तोच प्रयोग एकदा खुर्चीवर करायला सांगा. आणि आजारी माणसाची गोळी तेवढी चुकवू नका. पदवीच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. ती भिंतीवर टांगलेली असते, हॉलमध्ये सोबत येत नाही.