पिवळी रेघ

“पाटाला आलं पाणी, वळणाशी गं थांब
माझ्या माहेरी जाऊन, जोतीरामाला गं सांग”

ही ओवी अजून माझ्या लोखंडात आहे. मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन, हँडल मारून सुरू होणारं. नातेपुत्याच्या रानात एका विहिरीच्या काठावर मी बारा वर्षं पाणी उपसलं. मी वर टुकटुक करायचो आणि खाली कांद्याच्या वाफ्यात दारं धरणारी गोजाबाई माझ्या ठेक्यावर ओवी म्हणायची. माझा एक ठोका चुकला की तिचा शब्द अडखळायचा. मग ती चिखलाच्या पायांनी वर यायची, माझ्या अंगावर हात ठेवायची.

“काय झालं रं?” म्हणायची.

तिचा नवरा बिभीषण हसायचा. “त्येला इचारती. मला न्हाय कदी इचारलं!”

जोतीराम हा तिचा धाकटा भाऊ. उजनी धरणाच्या पाण्यापलीकडे, करमाळ्याच्या बाजूला त्याचं गाव. त्याला काय सांगायचं, ते मात्र ओवीत कधीच आलं नाही.

बिभीषण मला फार जपायचा. माझं जड चाक फिरत्या दांड्यावर घट्ट बसावं म्हणून दोघांच्या मधे एक लोखंडी पाचर असते. फिटर लोक तिला चावी म्हणतात. ती ढिली पडली तर चाक दांड्यावर सरकतं. ते वेळीच दिसावं, म्हणून त्यानं दांड्याच्या टोकापासून चाकावर एक सरळ पिवळी रेघ ओढली होती. बैलाच्या शिंगांना लावून उरलेला रंग होता तो. डबा गोजाबाईनं धरला होता.

पुढं रानात वीज आली, विहिरीत मोटर उतरली, आणि माझ्यावर पोतं पडलं. जोतीरामाला तेव्हा बोटीसाठी इंजिन हवं होतं. उजनीच्या या काठावरून त्या काठाला तो माणसं नेतो. बिभीषणानं हौसेनं मला देऊन टाकलं. पिकअपमध्ये चढवताना गोजाबाईनं मला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, “माज्या माहेरी चाललायस. नीट ऱ्हा.”

मला नीटच राहायचं होतं, मित्रांनो.

बोटीवर बसवताना जोतीरामानं माझं चाक उतरवलं. चावी त्याच्या हातातून निसटली, बोटीच्या कडेवर आपटून थेट पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी ठरलेली. त्यानं जुन्या विळ्याचं पातं मोडलं, कानशीनं घासलं आणि चावीच्या जागी ठोकलं. “आजच्यापुरतं,” असं स्वतःशीच म्हणाला. ते आजच्यापुरतं तीन वर्षं राहिलं.

आठ दिवसांत मी ठोकायला लागलो. ठक. ठक. घाटावर उभ्या चार माणसांनी विचारलं, “काय रं जोतीराम, इंजिन आवाज करतंय?” आणि तो पटकन बोलून गेला, “दाजीनं मोडकं गळ्यात मारलं की माज्या!”

दोन दिवसांत तो शब्द पाणी ओलांडून नातेपुत्याला पोचला. त्या नागपंचमीला गोजाबाई माहेरी आली नाही. जोतीराम तिला आणायला गेलाही नाही. दुसरी पंचमी तशीच गेली, तिसरीही.

करमाळ्याहून बाळासो मेस्त्री आला. त्यानं माझं पोट उघडलं, बेरिंग बदललं. पुन्हा आला, पुन्हा बदललं. मी आपला ठोकतच. जोतीराम शेजारी पाना धरून उभा असायचा, पण चावीबद्दल चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर माझं दुखणं एका दुपारात गेलं असतं. पण चारचौघांत दाजींवर टाकलेला शब्द परत कसा उचलायचा?

वाईट नव्हता तो. इंदापूरचा काठ जवळ आला, की तिथं थांबलेल्या माणसांत त्याचे डोळे बहिणीचं हिरवं लुगडं शोधायचे. मीही शोधायचो. आणि नेमका तिथंच माझा आवाज मोठा व्हायचा.

शेवटी मेस्त्रीनं सांगितलं, “आतला दांडाच गेलाय. भंगारात घाला.” जोतीरामाच्या बायकोनं, केराबाईनं, गुपचूप फोन लावला. “वन्सं, तुमचं इंजिन सोमवारी भंगारात चाललंय. तोंड बघायचं आसंल तर या.”

रविवारी इंदापूरच्या काठावर ते हिरवं लुगडं दिसलं.

“आक्का! आलीस व्हय?” जोतीरामाचा आवाज चिरकला.

“इंजिनाला बघाय आले. तुला न्हाय.”

“दाजी?”

“त्ये काय बसल्यात बाभळीखाली, गाडीपाशी. तुज्या बोटीत पाय ठेवनार न्हाईत म्हनलं.”

ती माझ्याजवळ फळीवर बसली. चार माणसं, एक मोटरसायकल, कांद्याची दोन पोती. भर पाण्यात मी जोर लावून चाललो होतो. तिनं डोळे मिटले, ओठ हलले. ठेका जमला होता. मग करमाळ्याचा काठ आला, जोतीरामानं माझा वेग उतरवला, आणि ठक. ठक. ठक.

तिनं डोळे उघडले.

काठावर बाळासो मेस्त्री माझे नट खोलायला थांबलाच होता. “आयकलं न्हवं मावशी? दांडा गेलाय आतला.”

“आतनं बिघडलं आसतं तर वज्यानं जास्त वरडलं आसतं की. ह्येचं बायामाणसागत हाय. वजं आसलं की गप, इसावा मिळाला की बोलतंय.”

मेस्त्री हसला. “तुमी फिटर कवा झाला?”

“बारा वरसं ह्येच्या संगं गानं म्हनलंय. तू म्हनलायस का?”

तिनं नारळाची शेंडी घेतली आणि माझ्या चाकाचं ग्रीस खरवडायला लागली. तीन वर्षांच्या काजळीखालून पिवळा रंग वर आला. चाकावरची रेघ एकीकडं, दांड्यावरची दुसरीकडं. मधे अर्ध्या बोटाचं अंतर.

“रेघ तुटली की,” ती म्हणाली.

मेस्त्रीचं हसू गेलं. तो माझ्या पोटातला आजार शोधत होता, बाहेर त्यानं पाहिलंच नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी चाक धरून हलवलं. चाक हललं, दांडा जागेवरच. चाक उतरवल्यावर झिजून वाकडं झालेलं पातं बाहेर आलं.

“ह्यो तर इळा हाय! कुनी घातला?”

गोजाबाईनं ते पातं हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. तीन वर्षं ती नवऱ्याच्या बाजूनं साऱ्या माहेराशी भांडली होती. आता नवऱ्याविरुद्धचा पुरावाच हातात होता.

“म्हंजी ह्यांनीच...” एवढंच बोलून ती थांबली.

जोतीराम पाण्याकडं बघत राहिला. मी ओरडून सांगितलं असतं, पण चाक उतरलेलं इंजिन साधं ठोकूही शकत नाही.

मेस्त्रीनं पोलादाची नवी चावी घासून बसवली. हँडल मारलं. माझा आवाज स्वच्छ निघाला, विहिरीवरच्यासारखा. केराबाई म्हणाली, “वन्सं, भाकरी खाऊन जावा.” गोजाबाईनं मान हलवली. “कुटल्या तोंडानं खाऊ? मला पोचवा पलीकडं.”

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, पुसत जा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. आमच्यातून आवाज आला, की आधी आठवा, आपल्या हातून काय झालं होतं. आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला येतं.

परतीला बोटीत दोघंच होती, बहीण आणि भाऊ. इंदापूरचा काठ जवळ आला. बाभळीखालून बिभीषण उठून पाण्याच्या कडेला आला. जोतीरामानं वेग उतरवला आणि सवयीनं वाट पाहिली. ठोका आला नाही. माझ्या आवाजाआड इतके दिवस तो लपला होता. आज तिथं नुसतं पाणी वाजत होतं.

बोट टेकली. गोजाबाई उतरायला उठली. जोतीराम तिच्या आधी गुडघाभर पाण्यात उतरला आणि बिभीषणासमोर जाऊन उभा राहिला.

“दाजी, तुमचं इंजिन धडधाकट हुतं. चावी माज्या हातनं पान्यात पडली. इळ्याचं पातं म्याच ठोकलं, आन् नाव तुमचं घेतलं. आक्काला न्यायला यायचं तोंड न्हवतं मला.”