लाल दिव्यावरचं स्टिकर

मित्रांनो, नाकाला रुमाल लावा आणि मगच जवळ या. मी एक जुनी निळी मोटार आहे, आणि मला माझ्याच पोटाची अजूनही किळस येते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या चकचकीत रंगात बघून लोक भांग पाडून घ्यायचे. मला घेतलं एका मावशीने. ती घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. चपलांचा चिखल बाहेर झटकल्याशिवाय आत पाय ठेवत नसे. तेल, पाणी, हवा स्वतः बघायची. पुढे तिची नजर अधू झाली आणि तिने किल्ली कॉलेजात जाणाऱ्या भाच्याच्या हातात ठेवली.

"सांभाळ रे."

"मावशी, जिवापाड!" म्हणाला लबाड.

पहिल्या दिवशी त्याने मला धुतलं, टेकून फोटो काढले. मित्र म्हणाले, "हिरो, काय गाडी आहे!" संपलं कौतुक. त्यानंतर माझ्या अंगाला पाणी लागलं ते फक्त पावसाचं.

सीटखाली दुधाची बाटली सांडली. दूध नासलं, गालिच्यात मुरलं, अळ्या वळवळू लागल्या. मागे घामट मोजे आणि बुरशी आलेला पाव. दाराच्या मुठीला चघळलेलं च्युइंगम. यावर उपाय काय, तर आरशाला लटकवलेली सुगंधी पुडी! आंघोळ टाळून अत्तर फासणाऱ्यातली जात ही.

त्याची धाकटी बहीण रोज त्याच्या शेजारी बसून कॉलेजला जायची.

"दादा, आत काहीतरी मेलंय."

"तुझं नाक मेलंय. बस गुपचूप, नाहीतर चालत जा."

घाणीने कुणाचा जीव जात नाही, म्हणून मी सोसलं. पण ब्रेकचं तेल झिरपू लागलं, तेव्हा मी त्याच्यासमोर लाल दिवा लावला. मला तोंड नाही. तेवढंच मला बोलता येतं. त्याने काय करावं? हसऱ्या चेहऱ्याचं एक गोल स्टिकर घेतलं आणि दिव्यावर चिकटवून टाकलं.

"डोळ्यांत खुपतो मेला!" तो म्हणाला, आणि मित्र खिदळले.

बहीण म्हणाली, "दादा, कशाचा होता तो दिवा?"

"गाडी म्हातारी झाली की लागतोच. तू नको शिकवूस."

एका सकाळी कॉलेजजवळच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. खाली चौकात माणसं रस्ता ओलांडत होती. त्याने नुसतेच डोळे मिटले, बेशरमाने! बहिणीने किंचाळत दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मी गरकन फिरले आणि खांबावर तोंड आपटून थांबले. चौकातली माणसं वाचली. तिचा हात मोडला.

आणि या शूराचे पहिले शब्द काय? "खटारा साला! ब्रेकच लागत नाहीत!"

शी! त्यापेक्षा नासलेलं दूध परवडलं.

मावशी आली. दार उघडताच तिला उमासा आला. तरी ती वाकली आणि चाचपून तिने नखाने ते स्टिकर खरवडून काढलं.

"हे कुणी लावलं?"

प्लास्टरमधला हात सावरत बहीण भावाकडे बघत राहिली. एका शब्दानेही तिने चुगली केली नाही. शेवटी तोच पुटपुटला, "मी."

मावशीने किल्ली काढून घेतली नाही. म्हणाली, "गाडी होईल नीट. तुझ्या बहिणीच्या मनातली भीती कशी काढतोस ते बघ."

आता मी दुरुस्त झालेय, आणि तो मला घासतो. अळ्या त्याने स्वतःच्या बोटांनी वेचल्या, ओकाऱ्या काढत. मला दया आली नाही. रोज बॉनेट उघडून तेल बघतो, आणि मग शेजारचं दार उघडून उभा राहतो.

"चल ना गं, सोडतो."

"नको दादा. बस येईल."

ती जाते. तो रिकाम्या सीटशेजारी बसून एकटाच निघतो.

मित्रांनो, हातात किल्ली आली की कुणीही ऐट करतं. तुमच्याही हातात कधीतरी येईल. तेव्हा गाडी पुसा, तिचं ऐका, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा जीव तुमच्या पायाखाली आहे हे विसरू नका. एवढं जमत नसेल, तर कृपा करा आणि चालत जा.