केशरी कड्यांचा दांडा आन मी

मी गोल्फचा दांडा बोलतोय. लोखंडी, सात नंबरचा. आधीच सांगून ठिवतो, माझं डोस्कं तापट हाय. गोडगोड बोलणं मला जमत न्हाय. ऐकायचं तर ऐका, न्हायतर आपल्या कामाला लागा.

माझा जलम कुठं झाला ते मला ठावं न्हाय. कळायला लागलं तवा मी बारामती एमआयडीसीतल्या एका साहेबाच्या गाडीत व्हतो, डिकीत, स्टेपनीच्या बगलंला. साहेब सुट्टीला पुण्याला जायचा, चेंडू चुकवायचा आन शिव्या मला घालायचा. माणसाची ही खोडच हाय. हात वाकडा ह्याचा, आन दोष लोखंडाचा.

पुढं साहेबाची बदली झाली. जाताना त्यानं मला ड्रायव्हरला दिऊन टाकलं. ड्रायव्हर म्हंजी संदेश, माळेगावच्या वस्तीवरचा. त्याची लेक सुकन्या कालेजात जाती. तिनं मला हातात घेतलं, एकदा फिरवलं, आन मला कळलं, आता आपलं बरं चालंल.

ऊस तुटून गेलेल्या रानाचा एक कोपरा तिच्या आज्यानं, सावळाराम आबानं, तिला मोकळा ठिवला. शेजारच्या ढोबळी मिरचीवाल्याचं फाटकं शेडनेट दोन बांबूंना ताणलं. पोरगी त्यात चेंडू मारायची आन आबा बांधावर बसून बघायचा. गोल्फमधलं त्याला काय बी कळत नव्हतं. पर जलमभर कुऱ्हाड चालवल्याली. कुठं खांदा आधी पळला, कुठं मनगट ढिलं पडलं, ते तो बरुबर सांगायचा. पोरगी दर चेंडूमागं वळून त्याच्याकडं बघायची. त्यानं मान हलवली की मगच दुसरा चेंडू. आन आबाचं सगळं ध्यान माझ्यावर. असं सुख मला साहेबाकडं कवा मिळालं नव्हतं.

मग आबाच्या डोळ्यात मोतीबिंदू आला. डागदर म्हणला, आधी शुगर खाली आणा, मग ऑपरेशन. आबानं साखर सोडली आन चहात गूळ टाकाय लागला. वर म्हणायचा, शुगर उतरंना कशी. सुनंनं, संजीवनीनं, गुळाचा डबा लपवला तर तो शेजारी जाऊन चहा पिऊन यायचा.

एक दिवस बांधावरनं तो म्हणला, "सुकन्ये, दांडा दिसंना गं. नुसती हात हलवतीयास असं वाटतंय."

पोरीनं मला खाली ठिवलं. त्या दिवशी तिनं परत उचललंच न्हाय.

त्यावर संदेशनं पुण्यावरनं आणला तो दुसरा. त्याचं नाव घ्यायची बी माझी इच्छा न्हाय. सरावाचा दांडा म्हणं. त्याच्या नळीवर वरपासनं खालपतुर केशरी रबराची कडी बसवल्याली. फिरवला की हवेत केशरी चाक उमटायचं. दांडा कुठनं वर गेला, कुठं वाकडा झाला, समदं लांबनं दिसायचं. आबा बांधावर उठून उभाच ऱ्हायला. म्हणला, दिसलं, वर जाताना बाहीर पळतंय बघ. पोरगी हसली.

त्यात काय सोनं व्हतं? रबर. कडी काढली तर माझ्यापरीस हलका, पोकळ. पर दोघंबी त्याच्यामागं येडी झाली. मला गोठ्यात पेंडीच्या पोत्याला टेकवलं. संजीवनी माझ्यानं शेवग्याच्या शेंगा पाडायची. मी शेंगा पाडायचो आन तिकडं त्याचा सप्प सप्प आवाज ऐकायचो. शेळीनं त्याची कडी चावून खावीत असं मला लई वाटायचं. शेळीनं खाल्ली न्हाईत.

आन मग पुण्यात शिबिरासाठी निवड निघाली. निवड झाली तर वर्षभर शिकवणार, तितंच ऱ्हायचं. सुकन्यानं मोबाईलवर नियम वाचले. दांड्याला काय लावल्यालं, बसवल्यालं चालणार न्हाय. कडी न्हाईत म्हंजी न्हाईत.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पोरगी गोठ्यात आली, फडक्यानं मला पुसलं. मी ताठ झालो. पर आबा ती केशरी कडी चाचपत बसला व्हता. मग म्हणला, "म्या येऊन काय बघू? तू जा बापासंगट."

"आबा, तुमी येणार नसला तर मी बी जात न्हाय," ती म्हणली, आन घरात निघून गेली.

निवडीच्या आदल्या दिवशी बैलपोळा. पोरगी कालेजात, संदेश कंपनीत. आबानं बैलं धुतली, हातानं चाचपून शिंगं हिंगुळानं लाल केली. डब्यात रंग उरला. मी तितंच गव्हाणीला टेकून. आबानं हात पुढं केला, मला उचललं, मांडीवर घेतलं आन माझ्या नळीवर लाल पट्टं वढाय लागला. गार ब्रश, त्याचा खरबरीत अंगठा. मी हललो न्हाय. पर शिंग रंगवायची सवय, हात टोकापतुर गेला, आन चेंडूला लागतं ते माझं सगळं तोंड बी त्यानं लालभडक करून टाकलं.

पोरीनं येऊन बघितलं आन कपाळावर हात मारला. "आबा, तोंड कशाला वो रंगवलं? खाचा बुजल्या, चेंडू सटकंल की."

"शिंगाचं टोक कोरं ठिवत न्हाईत गं. हात थांबलाच न्हाय."

तिनं केसातली पिन काढली आन माझ्या एकेका खाचंतनं रंग उकरत बसली. उकरता उकरता हसाय लागली. नळीवरच्या पट्ट्यांना मातुर तिनं हात लावला न्हाय.

पुण्याच्या मैदानावर तपासणीला एक बाई व्हती. तिनं मला उलटंसुलटं केलं, नखानं पट्टा खरवडला, हे काय म्हणून इच्यारलं.

"बैलाचा रंग हाय, बाई. उरला व्हता," आबा म्हणला.

बाई हसली. रंगाला आमची ना न्हाय म्हणली, निघणारी वस्तू नको.

पहिला चेंडू डावीकडं गवतात गेला. पोरीनं वळून बघितलं. दोरीपल्याड आबा डोळं बारीक करून उभा. त्यानं नुसती मान हलवली. दुसऱ्या वक्ताला मी वर गेलो आन असा खाली आलो की माझं मलाच कळलं न्हाय. चेंडू सरळ, लांब. कुठं पडला ते आबाला दिसणं शक्य नव्हतं, त्यानं इच्यारलं बी न्हाय. हळूच म्हणला, "दिसलं."

नाव लागलं पोरीचं. पर आबा माघारी येऊन सगळ्या वस्तीला काय सांगत फिरला? माझा हिंगूळ काय दिसला म्हणं. हिंगूळ! माझं नाव एकदा तरी घ्यायचं.

आता मी पुण्याला तिच्या पिशवीत हाय. रंग उन्हानं पापुद्रं धरून गळतोय. शेजारीच तो केशरी बसलाय, सरावाला रोज त्यालाच काढत्यात. तिकडं आबानं गूळ खरंच सोडलाय, ऑपरेशनची तारीख मिळालीय. मला त्याचंच भ्या वाटतंय. डोळं नीट झालं की आबाला तो केशरी बी नीट दिसणार.

आबा, एवढं ऐका. पट्टी सुटली की पोरीला भेटाय या. पिशवीतनं आधी मला काढाय सांगा. माझं तोंड ओरखडल्यालं हाय, गंज धरलाय, चकाकत न्हाय. तरी आधी मला बघा. त्याला मागनं बघा, न्हायतर बघू बी नका.