बाबा जिंकणार ती लढाई

माझा नवरा सलग अकरा वर्षं एकाच मैदानात मेला. दरवर्षी एकदा, रविवारी, दुपारी चारच्या सुमारास. आमच्याकडचं इतिहास मंडळ जुन्या पुलावरची लढाई जशीच्या तशी करून दाखवतं, आणि तिच्यात पहिल्या दहा मिनिटांत पडणाऱ्या शिपायाचं काम ठरल्यासारखं याच्याकडे यायचं. पुलाच्या पायथ्याशी गवतात त्याची जागासुद्धा ठरलेली. पडून राहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एका वर्षी तर प्रेत घोरायला लागलं होतं.

यंदा चिठ्ठ्या टाकल्या आणि बंडखोर सरदाराची चिठ्ठी याच्या नावाने निघाली. सरदार म्हणजे जिंकणारा! तीनशे वर्षांपूर्वी राजाने पुलावर गुडघे टेकून ज्याच्या हातात तलवार दिली, तो. मग काय, घरात पंधरा दिवस दुसरा विषय नाही. हा दाढी करता करता आरशाला दरडावतोय, "टाक तलवार!" माझं कपडे शिवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे, तर गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून मी जुन्या पडद्याचा अंगरखा शिवला. सासूबाई म्हणाल्या, "छातीत थोडा सैल ठेव गं. जिंकल्यावर फुगेल तो."

आणि आमची भिंगरी, वय वर्षं आठ. तिने वर्गात जाहीर करून टाकलं की माझे बाबा राजाला हरवणार. त्यावर तिघी मैत्रिणी फिदीफिदी हसल्या, "तेच ना, दरवर्षी पहिले मरतात ते?" त्या तिघी लढाई बघायला येणार होत्या, म्हणजे पोरीची सगळी अब्रू त्या पत्र्याच्या तलवारीला टांगलेली. शिवाय तिला कामही मिळालं होतं. राजाने तलवार दिली की बुरुजावरून दोरी ओढून सरदाराचा झेंडा चढवायचा. आठवडाभर ती पडद्याची दोरी ओढून सराव करत होती. पडदा एकदा माझ्या डोक्यात पडला, मी तो परत लावून दिला.

आता राजा कोण? राजासाठी चिठ्ठी नसते. मंडळाला जो मैदान मिळवून देईल तो राजा. यंदा मैदान मिळवून दिलं याच्याच ऑफिसच्या साहेबांनी.

हे याला कळलं शुक्रवारी. घरी आला तो तोंड पाडूनच.

"सर राजा आहेत," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय! सरांना दरडावायचं?"

"अरे, सरांना नाही, राजाला. आणि तो हरतो, असं पुस्तकात छापलंय."

"ते ठीक आहे. पण जरा हळू आवाजात दरडावलं तर चालेल का?"

मी कपाळाला हात लावला. तुम्हाला याचं ऑफिस माहीत नाही म्हणून सांगते. हा चौदा वर्षं रोज अकरा वाजता सह्यांच्या फायली घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जातो. साहेब फोनवर असतात. मान वर करायची तसदी घेत नाहीत, नुसता उजवा हात पुढे करतात. मग हा दोन्ही हातांनी फाईल त्या हातात ठेवतो, सहीची बाजू साहेबांकडे करून, आणि मान खाली घालून उभा राहतो. बस, एवढंच.

रविवारी आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीचं सैन्य फिरत्या शौचालयापुढे रांग लावून उभं होतं. एक तोफवाला शिरस्त्राणात मोबाइल अडकवून बायकोशी भांडत होता. सासूबाईंनी घडीची खुर्ची पहिल्या रांगेत, दोन माणसांच्या पायांवरून नेऊन टाकली. इतिहासाचे निवृत्त मास्तर लढाईचं वर्णन कागदावरून वाचायला लाउडस्पीकरवर बसले होते. त्यांचा चष्मा असा जाड की डोळे कागदावरून उचलले तर ओळ सापडत नाही, म्हणून ते उचलतच नाहीत.

साहेब आले मखमली झग्यात. भाड्याचा होता. पाठीत सात पिना मारून आवळला होता, माझ्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

लढाई सुरू झाली. पहिली तोफ उडाली आणि आमच्या सरदाराचे गुडघे सवयीने वाकले! मला वाटलं, पडला हा! पण नाही, सावरला बिचारा. तलवार उपसून धावला, दोघांना आडवं केलं, पुलावर चढला. भिंगरीच्या मैत्रिणी हसायच्या थांबल्या. खोटं कशाला बोलू, माझाही ऊर भरून आला. म्हटलं, आज हा माणूस खरंच कुणालातरी हरवणार.

पुलाच्या मधोमध राजा आणि सरदार समोरासमोर आले.

"टाका तलवार!" हा ओरडला. टाका तर टाका, निदान आवाज तरी मोठा होता.

आता साहेबांनी गुडघे टेकायचे. तेवढ्यात झग्यात फोन वाजला. साहेबांनी आपली तलवार काखेत धरली, फोन काढून कानाला लावला, बोलू लागले, आणि 'थांब जरा' म्हणून याच्यापुढे उजवा हात केला.

झालं! आमच्या सरदाराने स्वतःची तलवार दोन्ही हातांनी त्या हातात ठेवली. मूठ साहेबांकडे करून. आणि मान खाली घालून उभा राहिला. साहेबही सवयीचे गुलाम, फोन खांद्यात दाबून छातीवर पेन चाचपू लागले.

"आणि पाहा!" मास्तर कागदात बघून गरजले, "गर्विष्ठ माणसाने अखेर गुडघे टेकले!"

राजा काही टेकेना. कुणीतरी टेकायला हवेत, म्हणून यानेच टेकले.

लोक पोट धरून हसत होते. त्या तिघी तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. "झेंडा डौलाने वर चढत आहे!" मास्तर म्हणाले. झेंडा जागचा हलला नाही. भिंगरीने दोरी सोडली, बुरुजावरून उतरली आणि तरातरा चालत पुलावर आली. तिचा अवतार बघून मीही पळतच तिच्या मागे गेले.

"बाबांची तलवार परत द्या," ती साहेबांना म्हणाली. "तुम्ही हरलात. पुस्तकात आहे."

"भिंगरे!" गुडघ्यांवरूनच हा खेकसला. "सरांशी असं बोलतात? सॉरी म्हण आधी."

ती म्हणाली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

माझी जीभ किती तिखट आहे ते आमच्या गल्लीला विचारा. वाक्य तयार होतं माझ्याकडे. चौदा वर्षं तयार होतं. साहेबांनी फोन बंद केला आणि हसत माझ्याकडे वळले.

"पोरगी भारी आहे हो. काय वहिनी, कशी वाटली लढाई?"

"छान झाली, सर," मी म्हटलं. "झगा अगदी शोभतो तुम्हाला. मागच्या पिना तेवढ्या ढिल्या झाल्यात. थांबा, नीट करून देते."

देवाशप्पथ, हे माझ्याच तोंडून आलं. आणि मी नुसती बोलले नाही. पिना काढून दातांत धरल्या, पाठ आवळली, मग खाली झोळ दिसला म्हणून खाली वाकले. झोळ उभ्याने निघत नाही. साहेबांच्या पुढे नवरा गुडघ्यांवर, मागे मी.

भिंगरीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पूल उतरली आणि पायथ्याशी, पडलेल्या शिपायांच्या रांगेत, बाबांच्या जुन्या जागेवर जाऊन आडवी झाली. नवा फ्रॉक, ओलं गवत.

तोंडातल्या पिना हातात घेऊन मी धावत गेले. "ऊठ गं राणी. संपली लढाई, सगळे घरी चालले."

तिने डोळे उघडले नाहीत.

"बाबा मरायचे तेच बरं होतं," ती म्हणाली.