शालूच्या रक्ताचा फेस

परतवाड्याच्या बाजाराबाहेर रक्तपारखी महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस बुडाला की असल्या महाराजांचं पीक जोमात येतं. दुखणेकऱ्याच्या बोटाला सुई टोचायची, थेंब वाटीतल्या पाण्यात सोडायचा. पाणी शांत राहिलं तर माणूस निर्मळ, फेसाळलं तर अंगात भूत. शालूचा थेंब पडला आणि वाटी दुधासारखी उतू गेली. बायांनी तोंडाला पदर लावले.

शालू ही महादेवरावांची सून. महिनाभर तिचे हात आखडत होते, बोटं तळव्यात वळत होती. गावातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं; साखर, हिमोग्लोबिन, मलेरिया, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बाहेरचंच, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला डिग्री थोडीच लागते!

महाराजांनी जुलाबाचं तीर्थ पाजलं, तसे हात जास्तच आवळले. मग म्हणे भूत तळव्यात लपलंय, जाळून काढू. महादेवरावांनीच सुनेचं उजवं मनगट घट्ट धरलं आणि महाराजांनी तळव्यात कापूर पेटवला. ती किंचाळली, तिला फिट आली. भूत निघालं, असं महाराज सांगत असतानाच तिचा नवरा नितेश तिला उचलून जीपमध्ये घालून अचलपूरला डॉक्टर अनीसांकडे घेऊन गेला.

ती वर्षानुवर्षं दुकानातून आणून पित्ताच्या गोळ्या खाते, हे ऐकताच अनीसांना शंका आली. त्यांनी मॅग्नेशियम तपासायला रक्त अमरावतीला धाडलं आणि वाट न पाहता सलाईनमधून मॅग्नेशियम सुरू केलं. डावा हात सैल पडला. रिपोर्ट आला: मॅग्नेशियम फारच कमी.

"मंग पयल्या तपासणीत काहून नाई दिसलं?" मागोमाग आलेल्या महादेवरावांनी विचारलं.

"काका, रक्ताले जे विचारलं तेवढंच ते सांगते. हे कोणी विचारलंच नाई. गोळ्यांनी कमी झालं, उरलंसुरलं जुलाबानं गेलं."

मग अनीसांनी स्वतःचं बोट टोचून थेंब एका वाटीत सोडला. वाटी फेसाळली. जखम धुवायचं औषध होतं ते, दिसायला पाण्यासारखं. कोणाचंही रक्त त्यात उकळतंच. महाराजांची युक्ती हीच: ज्याला भूत लावायचं त्याच्यापुढे ही वाटी, बाकीच्यांपुढे नळाचं पाणी.

महादेवराव खाली बसले. "मॅग्नेशियम तं आमी कापसाची पऱ्हाटी लाल पडली का फवारतो."

"तवा पानावर कापूर जाळला होता का, काका?"

उजव्या तळव्याचं कातडं आकसलं ते आकसलंच. जाळलेल्या हाताला मॅग्नेशियम काय करणार? शालू डाव्या हातानं जेवते, आणि महादेवरावांना तिच्यासमोर घास गिळवत नाही.

मांडव आता अकोल्याकडे हललाय. महादेवराव एसटीनं तिथं जातात, रांगेपाशी उभे राहतात. लोक हसतात, ढकलतात. ते पुन्हा सांगतात, "रिपोर्ट नार्मल आला तं दुसरा डॉक्टर पाहा, अजून तपासा. पण आपल्या लेकराचं मनगट याच्यासाठी धरू नका. म्या धरलं होतं."